अर्धं मिनिट मागे असलेले आप्पा

"पहले शेवट सांग, बेटी."

आप्पांना काहीही सांगायला गेलं की आधी त्यांचा उजवा हात वर जायचा, चौकातल्या हवालदारासारखा, आणि हे वाक्य यायचं. मग आपण शेवट सांगायचा. तो कानावर पडला की हात खाली यायचा. आप्पा ओट्यावर पाय वर घेऊन मांडी घालायचे आणि म्हणायचे, "हं. आता आरामात सांग, काय काय झालं ते." त्यानंतर तुम्ही कितीही पाल्हाळ लावा, माणूस कंटाळायचा नाही. उलट मध्येच "मंग?" "मंग?" करत राहायचा.

बुऱ्हाणपुरातल्या सिंधीपुऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. एकदा माझ्या सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी धावत शेजारी गेले आणि म्हटलं, "आप्पा, सासूबाई न्हाणीत..." की हात वर.

"जित्ती हाय का?"

"आहेत हो."

"हाड?"

"मोडलेलं दिसत नाही."

"मंग बठ. पानी पी. आता सांग, कशी पडली?"

मला रिक्षा हवी होती आणि हे मला पाणी पाजत होते. शेवटी काकी, म्हणजे आप्पांची बायको, आतून पदर खोचत आल्या आणि त्यांनीच रिक्षा आणली. आप्पा मात्र शांत. शेवट कळला होता ना, आता कसली घाई?

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणारी. पण आप्पांचं प्रकरण त्यांच्या पुढचं होतं. लग्नानंतर काकींना पहिला सिनेमा दाखवायला नेलं, तेव्हा आधीचा खेळ सुटण्याची वाट बघत ते टॉकीजच्या दाराशी उभे राहिले. बाहेर पडणाऱ्या एका माणसाला शेवट विचारला आणि मगच तिकिटं काढली. "आनि मध्यंतरात मले सांगतात, तो हिरो मरतो, तू आत्ताच रडून घे!" काकी हे सांगताना इतक्या वर्षांनीही चिडायच्या. आप्पा बाजूला बसून हसायचे. म्हणायचे, "रडली नाही ना पन शेवटाले? बाकी बाया रडल्या."

गंमत अशी, की या माणसाने उभी हयात दुसऱ्यांचा जीव टांगणीला लावण्यात घालवली होती. केळ्याच्या मंडीत आप्पा हर्रास पुकारायचे. खकनारकडच्या शेतकरी घरातला हा माणूस केवळ आवाजाच्या जोरावर मंडीत लागला आणि म्हातारा होईपर्यंत तिथेच राहिला. मी शिकवते त्या शाळेतल्या मुलींना मंडी दाखवायला मी एकदा घेऊन गेले होते, तेव्हा त्यांना काम करताना पाहिलं. केळ्यांनी भरलेल्या गाडीवर उभे. बोली चढत चढत एका जागी अडली की आप्पा "एक" म्हणायचे. मग टोपी काढून डोकं पुसायचे. "दोन" म्हणायचे. मग कोणाला तरी हाक मारून त्याच्या घरच्यांची चौकशी करायचे. खाली व्यापारी घामाघूम, शेतकरी देवाचं नाव घेतोय, आणि आप्पांच्या तोंडातून "तीन" काही निघत नाही. माझ्या वर्गातल्या मुलीसुद्धा श्वास रोखून उभ्या होत्या.

मी नंतर विचारलं, "आप्पा, दुसऱ्याचा जीव असा लटकवता आणि स्वतःला एवढंसं सहन होत नाही?"

"तिथं तीन म्हननं माझ्या हातात होतं ना बेटी," ते म्हणाले. "जे आपल्या हातात नाही, त्याची वाट कशी पाहाची?"

आता अशा माणसाला छंद कशाचा असावा? क्रिकेटचा!

सामना असला की आप्पा सकाळपासून अंघोळ उरकून तयार. पहिल्या काही षटकांपर्यंत सगळं ठीक असायचं. सामना रंगायला लागला की ते खुर्चीतून उठायचे, दाराआड जायचे, तिथून परसात जायचे, तुळशीला पाणी घालायचे, दुसऱ्यांदा घालायचे आणि तिथूनच ओरडायचे, "काय झालं वो?" काकी पोळ्या लाटता लाटता टीव्हीकडे एक नजर टाकून सांगायच्या, "काही नाही झालं." आमच्या गल्लीतली ती तुळस जास्त पाण्यानेच दोनदा मेली.

आणि मग एका सामन्याच्या शेवटच्या षटकात आप्पा परसातून परत आलेच नाहीत. काकी बघायला गेल्या तर ते तांब्या हातात धरून खाली बसलेले, छातीवर हात. माझ्या नवऱ्याने आणि मी त्यांना दवाखान्यात नेलं. वाचले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, एक गोळी जिभेखाली धरायला दिली आणि बजावलं, आता जिवाला घोर लावणारं काही नको. मॅच तर अजिबात नको.

काकी अंगाने काडीएवढ्या, पण निश्चय गाडीएवढा. त्यांनी डिशचा रिचार्ज करणंच सोडून दिलं. टीव्हीवर स्वतः विणलेला रुमाल घातला आणि त्यावर गणपती ठेवला. गणपती हलवल्याशिवाय टीव्ही दिसणार नाही आणि गणपती हलवायची आप्पांची हिंमत नाही, असा तो बंदोबस्त होता.

मला वाटलं होतं, चार दिवस कुरकुर करतील. पण ते कुरकुरले नाहीत, हेच वाईट होतं. सामन्याच्या दिवशी ओट्यावर येऊन बसायचे. येणाजाणाऱ्याला स्कोअर विचारायचे, तोही हळू आवाजात, काकींना ऐकू जाऊ नये म्हणून. ज्या आवाजाने मंडी दणाणायची, तो असा चोरून निघताना ऐकवत नसे. जेवण कमी झालं. बोलणं कमी झालं. मी काही सांगायला गेले तर "पहले शेवट सांग" हेसुद्धा म्हणेनात. ऐकून घ्यायचे, बस. एका दुपारी काकी माझ्याकडे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी बरोबर केलं ना वं? जीव वाचावा म्हनून केलं. पन हा मानूस तर तसाबी चालला." मी त्यांचा हात धरून बसले. मॅच बघितली तर जीव जातो आणि नाही बघितली तर जीवच लागत नाही, असा तो पेच होता.

दिवाळीला त्यांचा मुलगा पुण्याहून आला. येताना टीव्हीला लावायचा तो छोटा बॉक्स घेऊन आला. नेट जोडून दिलं आणि आईला समजावलं, "आता डिशची गरजच नाही आई. छतावर छत्री नको, रिचार्ज नको. तुला पाहिजे ते कीर्तन, पाहिजे तेव्हा. थांबव, मागे ने, काहीही कर." काकींनी एकच विचारलं, "याच्यात मॅच येते का?" मुलगा हुशार. म्हणाला, "तू लावली तर येईल." काकींना वाटलं, मी लावणारच नाही, म्हणजे येणारच नाही. गणपती देव्हाऱ्यात परत गेला आणि शेजारून रोज कीर्तन ऐकू येऊ लागलं.

त्या बॉक्सच्या रिमोटला तोंडी हुकूम देता येतो, हे काकींना ठाऊक होतं. आप्पांनाही ठाऊक झालं होतं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

एका रविवारी दुपारी काकी भजनी मंडळात गेल्या. आमच्या घरी माझे हे मॅच लावून बसलेले. आमची डिश तेव्हा होतीच, मराठी वाहिन्यांचा पॅक मीच हट्टाने घेतलेला, कारण बुऱ्हाणपुरात राहून मला माझ्या मालिका हव्या होत्या. मी गहू निवडत होते. एवढ्यात भिंतीपलीकडून मंडीतला तो जुना आवाज आला, "किरकेट!" रिमोट हळू बोललेलं ऐकतो, हे आप्पांना कोणी सांगितलेलं नव्हतं. गल्लीच्या टोकापर्यंत हुकूम गेला.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "अरे यार, आप्पा मॅच बघतायत! काकींना सांगू का?"

"थांबा जरा," मी म्हटलं. तो आवाज इतक्या दिवसांनी ऐकून मला बरं वाटलं होतं.

थोड्या वेळाने एक गडी बाद झाला आणि हे ओरडले, "आउट!" मग षटकार गेला, तेव्हा ओरडले, "सिक्स!" मग काय झालं, तर आमच्या दारात आप्पा उभे. अनवाणी. चेहरा गोंधळलेला.

"तुमच्याकडे कोनती मॅच चालू हाय?"

"हीच की, आप्पा."

ते आत आले, आमच्या टीव्हीसमोर उभे राहिले. एक चेंडू पाहिला, चौकार गेला. तसेच तरातरा आपल्या घरात गेले. तिथून ओरडले, "अजून टाकलाच नाही!" मग, "टाकला!" मग, "चौकार! चौकार!" परत आमच्याकडे आले. परत तिकडे गेले. त्यांच्या अशा फेऱ्या बघताना मला त्यांच्या छातीची काळजी वाटायला लागली, पण ते मात्र दर फेरीला जास्त जास्त हसत होते. शेवटी आमच्या ओट्यावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"बेटी, माझा टीव्ही मागं हाय! तुमचा पुढं हाय! तुमच्याकडं पहले होऊन जातं!"

ह्यांनी मग त्यांना समजावलं. डिशचं चित्र आकाशातून सरळ छत्रीत उतरतं. बॉक्सचं नेटवरून फिरत फिरत येतं, म्हणून अर्धं मिनिट उशीर. गल्लीतली बाकी घरं आधीच बॉक्सवर किंवा मोबाइलवर गेली होती, त्यांचंही मागेच. गल्लीत सगळ्यात पुढे एकच छत्री होती, आमची. आप्पा हे असं ऐकत होते, जसं काही कोणी त्यांना मोक्षाचा रस्ता सांगतंय.

संध्याकाळी काकी परतल्या तेव्हा आप्पांनी स्वतःहून गुन्हा कबूल केला आणि लगेच वकिलीही केली. "डाक्टरनं काय मना केलं? टेन्शन. इथं टेन्शनच नाही. शेवट पहले भिंतीतून येतो, मॅच मंग येते." काकी सरळ माझ्याकडे आल्या. सगळं खरं आहे का, हे मला दोनदा विचारलं. त्यांनी आमच्या घरात बसून पाहिलं, त्यांच्या घरात बसून पाहिलं आणि मग अटी घातल्या. शेवटची षटकं चालू असताना आमच्याकडून आवाज आलाच पाहिजे. आवाज नाही आला तर रिमोट त्यांच्या कमरेला.

असं ते काम आमच्या घराकडे आलं. माझे हे दुकानात, म्हणून माझ्याकडे आलं. आणि मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. एक उंच चेंडू दिसेनासा झाला आणि मी जोरात ओरडले, "गेला!" पलीकडे स्मशानशांतता. अर्ध्या मिनिटाने आप्पांना दिसलं की आपल्या माणसाने षटकार मारलाय. ते दारात आले, "बेटी, कोन गेला ते सांगत जा. चेंडू का मानूस. मी तिकडं उगाच दुःख करून बसलो."

मग त्यांनीच सोपं करून दिलं. काय झालं ते सांगायचंच नाही. आपल्यासाठी बरं असेल तर "आप्पा, चांगलं!" आणि बरं नसेल तर "आप्पा, वाईट!" बस. समोर नवे भाडेकरू आले होते. त्यातल्या बाई पहिल्यांदा माझं "आप्पा, वाईट!" ऐकून धावत आल्या, कोण गेलं म्हणून. मी त्यांना बसवून चहा दिला आणि सगळं समजावलं. त्यांनी चहा घेतला, पण आमच्याकडे बघायची त्यांची नजर पुढे बरेच दिवस सरळ नव्हती.

आप्पा पुन्हा जेवायला लागले. पुन्हा हात वर करायला लागले. भारत जिंकला की मावा जलेबीचा पुडा घेऊन यायचे आणि मला म्हणायचे, "आज 'चांगलं' मस्त बोलली तू. गळ्यातून आला आवाज." जसं काही मीच जिंकून दिलं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं. माझ्या मालिका सुटल्या. मला फिरकी कळायला लागली, पायचीत कळायला लागलं. शेवटच्या षटकात माझ्याच पोटात गोळा यायला लागला. आप्पांच्या जिवाला घोर नको म्हणून तो घोर माझ्याकडे राहायला आला होता आणि आप्पा पलीकडे पाय पसरून दाणे खात होते!

मग आमच्या घरात वादाला सुरुवात झाली. हे म्हणायला लागले, आपणही बॉक्स घेऊ. पावसाळ्यात छत्रीचं चित्र फुटतं, दुरुस्तीला माणूस येत नाही, सगळं जग बॉक्सवर गेलं आणि आपण छतावर ताट बांधून बसलोय. खोटं काहीच नव्हतं त्यात.

"आणि आप्पा?" मी म्हटलं.

"अगं, आप्पांसाठी काय जिंदगीभर छत्री सांभाळायची? आपल्या टीव्हीचं ठरवायला आपल्याला शेजाऱ्याची परमिशन लागते का?"

मला राग आला. त्यांनी बॉक्सवाल्याला सांगूनही टाकलं. सोमवारी येणार होता तो.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, दुपारचा सामना होता. मोठा होता. आप्पांना त्या सामन्याची आठवडाभर आस होती. जिंकतोय असं वाटता वाटता सगळं उलटं झालं आणि शेवटचा गडी बाद झाला. मी भिंतीकडे वळून तोंड उघडलं, तर ह्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "नको सांगू. मनाला लावून घेतील ते. आपोआप कळू दे." मलाही ते पटलं. एवढी आशा लावून बसलेल्या म्हाताऱ्याला "वाईट" म्हणायला माझीही जीभ रेटत नव्हती. आम्ही दोघंही गप्प बसलो.

जरा वेळाने भिंतीवर टकटक झाली. मग पुन्हा झाली, जोरात. आम्ही एकमेकांकडे बघतच होतो तेवढ्यात दार ढकललं गेलं. आप्पा चौकटीला धरून उभे होते. कपाळावर घाम. मागे काकी, मुठीत ती जिभेखालची गोळी.

"बेटी, आवाज काहून नाही आला?"

त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. माझे हेच पुढे झाले आणि घाईघाईने म्हणाले, "आप्पा, हरलो. हरलो आपण."

आप्पांनी डोळे मिटले. एक लांब श्वास सोडला. मग आमच्या खुर्चीत बसले आणि पाण्याचा ग्लास मागितला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "हरलो ना? एवढंच ना? मंग सांगाले काय झालं होतं? हरल्यानं मानसाले काय होतं रे बेटा. मी घाबरलो ते तुम्ही चूप बसले म्हनून." काकींनी गोळी परत डबीत टाकली. आप्पा उठले. "चला. थांबवून आलो मी मॅच. आता पाह्यतो कसे हरले ते." आणि खरंच, पलीकडून थोड्या वेळाने त्यांचं निवांत बडबडणं ऐकू यायला लागलं, "हा बघ, उगाच मारायला गेला."

इतकं हलकं वाटत होतं की मी तिथेच बसून रडून घेतलं. सोमवारी सकाळी ह्यांनी बॉक्सवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. दुकानात जाण्याआधी फडकं घेऊन छतावर गेले आणि छत्री पुसून आले.

पुढे कितीतरी सामने आम्ही असेच पाहिले. आम्ही पुढे, आप्पा मागे. मधल्या काळात त्यांचं दुखणं वाढलं आणि मुलाने त्यांना मोठ्या ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी ते माझ्याकडे आले. ओट्यावर बसले नाहीत, उभेच राहिले.

"बेटी, याच्यात पुढं कोनाचीच डिश नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, "आप्पा, मी फोनजवळ बसून राहते." ते माझ्या डोक्यावर हात ठेवून गाडीत बसले.

ऑपरेशनच्या दिवशी शाळेत मी फोन हातात धरून वर्गावर गेले. मुली कविता म्हणत होत्या आणि मला एक ओळ ऐकू येत नव्हती. फोन वाजला. काकी होत्या. हॅलो नाही, काही नाही. "चांगलं," त्या म्हणाल्या आणि मग त्यांना रडू आलं आणि मलाही आलं. मुली कविता म्हणायच्या थांबल्या.

ते परत आले नाहीत, म्हणजे बुऱ्हाणपूरला परत आले नाहीत. मुलाने सोडलंच नाही, आणि बरोबरच होतं ते, तिथले डॉक्टर तिथे, तपासण्या तिथे. शेजारच्या घराला कुलूप लागलं. मग आम्हाला छत्रीचं काही कारण उरलं नाही. आम्ही बॉक्स घेतला. छत्री उतरवली, ती समोरच्या बाईंनी मागून नेली. त्या तिच्यात आता लाल मिरच्या वाळत घालतात. मी आप्पांना फोनवर सांगितलं, बॉक्स घेतला म्हणून. "बरं केलं," म्हणाले. मग विचारलं, "म्हंजे तुमचाबी आता मागं?"

अलीकडेच एक मोठा अंतिम सामना झाला. संध्याकाळची वेळ. शेवटचं षटक, आणि आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं. हे सोफ्याच्या कडेवर. मी उशी पोटाशी घट्ट धरून बसलेली. फलंदाज बॅट आपटत उभा होता, गोलंदाज चेंडू घासत मागे चालला होता. एवढ्यात फोन वाजला. मी न बघताच उचलला.

"चांगलं, बेटी! चांगलं!"

तोच आवाज. मंडीतला. टीव्हीत गोलंदाज अजून मागेच चालला होता. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"आप्पा? तुम्हाला कसं कळलं?"

"पोराच्या बिल्डिंगीत डिशच हाय ना, सगळ्याइची मिळून. डाक्टरनं हो म्हनलं. उभ्यानं पाह्यली शेवटची ओव्हर. तुझ्या काकी भाजीले गेल्या, एकटाच होतो घरात."

"एकट्याने? भीती नाही वाटली?"

"वाटली ना वं. लई वाटली. एक डाव उठून चाललो होतो." त्यांना धाप लागली होती, पण हसत होते. "मंग मनात आलं, बेटी बॉक्सवर हाय आता. तिच्या पुढं कोन हाय? तिले कोन सांगंल?"

मी "हो आप्पा" एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "जा, आता आरामात पाह्य," आणि फोन ठेवला.

माझ्या पोटातला गोळा गेला होता. सगळं अंग सैल पडलं होतं, कपाळावरून कोणीतरी थंड हात फिरवावा तसं. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं भिंतीतून पाठवत होते आणि ती कशी असते, हे मला आज पहिल्यांदा कळत होतं.

"अगं कोणाचा फोन? ये ना लवकर! शेवटचा बॉल आहे!" आतून हे ओरडले.

"आले हो," मी म्हटलं. मी चहाचं आधण ठेवलं, आलं किसलं. मला कसलीच घाई नव्हती.